प्रयोगशाळेचें बिऱ्हाड

संसारांत बिऱ्हाड थाटणें, बिऱ्हाड हलविणें आणि बिऱ्हाड मोडणें असे तीन प्रसंग येतात. यांपैकीं पहिल्या दोहोंची आपण पुष्कळ तयारी करतों. नव्या घरांत वास्तुशांति होते; चूल कोठें असावी, पाणी कोठून यावें, याचा आधीं विचार होतो. घर बदलतांना काचसामान कशांत गुंडाळावयाचें आणि देव कोणीं हातांत घेऊन जावयाचे, हेंहि ठरलेलें असतें. मोडण्याचा प्रसंग मात्र बहुधा घाईंत किंवा दुःखांत येतो. घरांतील कर्ता माणूस गेल्यावर त्याचें कपाट उघडावें, तों एका कोपऱ्यांत चिठ्ठी निघून गेलेली बाटली सांपडावी, आणि ती औषधाची कीं विषाची हें सांगावयास कोणीहि उरलेलें नसावें, असा अनुभव अनेक घरांना आलेला असतो.

विद्यापीठांतील संशोधनाच्या प्रयोगशाळेवरहि हेच तीन प्रसंग येतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज पुण्यास, मुंबईस, बंगळुरास आणि समुद्रापलीकडे संशोधन करीत आहेत. विद्यावेतन किती, राहण्याची सोय कशी, जेवणाचे हाल होत नाहींत ना, हे प्रश्न आपण त्यांना अगत्यानें विचारतों. परंतु ज्या खोलींत तीं दिवसाचे दहा-बारा तास घालवितात ती कोणीं मांडली, पूर्वीं तेथें काय चालत असे, आणि तेथील बाटल्यांचा वाली कोण, हें विचारण्याचें आपल्या मनांतहि येत नाहीं. तें मनांत यावें, एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. प्रयोगशाळेंतील द्रव्यें भयंकर असतात हें खरें. पण ज्या द्रव्याचें नांव ठाऊक आहे आणि ज्याची जबाबदारी एका ठराविक माणसावर आहे, तें सहसा घात करीत नाहीं. द्रव्याचें नांव पुसलें जातें, अथवा त्याचा वाली अद्याप जागेवर बसलेला नसतो किंवा जागा सोडून गेलेला असतो, तेव्हां घात होतो. आणि अशी वेळ बहुतकरून वरील तीन प्रसंगींच येते.

प्रथम थाटण्याचा विचार करूं. टेबलें, कपाटें व यंत्रें आणून ठेवलीं कीं प्रयोगशाळा झाली, अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः सर्वांत आधीं विचार करावा लागतो तो हवेचा. विषारी वाफा ओढून थेट छपराबाहेर टाकणारें, पुढें सरकती कांच असलेलें एक कपाट असतें. त्याला फ्यूम हूड म्हणतात. रसायनशाळेंतील हवेचा दाब बाहेरच्या व्हरांड्यापेक्षां किंचित् कमी ठेवतात, म्हणजे दार उघडलें तरी हवा बाहेरून आंत जाते, आंतली बाहेर येत नाहीं. दुसरा विचार पाण्याचा. अंगावर किंवा डोळ्यांत कांहीं उडालें तर अंगावर धो धो पाणी सोडणारा फवारा आणि डोळे धुण्याचा नळ हे दहा सेकंदांत गांठतां येतील इतके जवळ असावे, आणि डोळे निदान पंधरा मिनिटें धुतां यावे, असा नियम आहे. तिसरा विचार शेजाराचा. बाटल्या वर्णानुक्रमानें लावल्या तर दिसावयास नीटनेटक्या दिसतात. पण तशा लावल्यानें ज्वालाग्राही ॲसिटोन आणि आगीस प्राणवायु पुरविणारें अमोनियम नायट्रेट एकाच फळीवर येतात. यास्तव बाटल्या नांवावरून न लावतां स्वभावावरून लावाव्या लागतात. घरांतल्यासारखा साधा फ्रिजहि येथें चालत नाहीं. त्यांतील थंडी कमीजास्त करणाऱ्या कळीची एक बारीक ठिणगी आंत कोंडलेल्या ईथरच्या वाफेस पुरते.

हें सर्व जमलें तरी बिऱ्हाड पुरतें थाटलें असें होत नाहीं. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत २००८ च्या जुलईंत रसायनशास्त्राचे एक नवे प्राध्यापक आले व त्यांची प्रयोगशाळा उभी राहूं लागली. ऑक्टोबरांत एक नुकतीच पदवीधर झालेली मुलगी तेथें सहायक म्हणून रुजू झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस विद्यापीठाच्या तपासनिसांनीं प्रयोगशाळा पाहिली आणि अनेक दोष लिहून दिले. तेथील माणसें ॲप्रन घालीत नाहींत, हा त्यांपैकीं एक होता. ते दोष दूर झाले नाहींत. २९ डिसेंबर २००८ रोजीं, नाताळच्या सुटीच्या दिवसांत, ही २३ वर्षांची मुलगी टर्शरी ब्यूटिल लिथियम नांवाचें, हवा लागतांच पेट घेणारें द्रव्य सिरिंजनें काढीत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला. अंगांत कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, वर ॲप्रन नव्हता. भाजण्यानें अठरा दिवसांनीं, १६ जानेवारी २००९ रोजीं, तिचा अंत झाला. पुढें या प्रकरणीं फौजदारी खटला उभा राहिला व तो २०१२ आणि २०१४ सालच्या तडजोडींनीं मिटला. तिच्या नांवानें एक शिष्यवृत्तिहि ठेवण्यांत आली. अमेरिकेंतील विद्यापीठें आपल्या प्रयोगशाळांकडे निराळ्या नजरेनें पाहूं लागलीं तीं या मृत्यूनंतर. येथें द्रव्याचें नांव सर्वांस ठाऊक होतें. दोषहि कागदावर लिहिलेला होता. परंतु कागदावरचा दोष दूर झाला कीं नाहीं हें पाहणारा माणूस त्या नव्या घरांत अजून ठरलेला नव्हता. प्रयोगशाळा एकदांच थाटून भागत नाहीं. तेथें येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाबरोबर ती पुन्हां थाटावी लागते, हा यांतला बोध आहे.

आतां हलविण्याचा प्रसंग. प्राध्यापक दुसऱ्या विद्यापीठांत जातात, किंवा नवी इमारत होते, आणि वीस वर्षांचा पसारा उचलावा लागतो. आपल्याकडे अशा वेळीं टेंपो बोलावून चार हमालांच्या हवालीं सामान करण्याचा मोह होतो. तो टाळावा हें सांगण्यास कांहीं उदाहरणें पुरेशीं आहेत. वायूनें भरलेला सिलिंडर हलवावयाचा असेल तर त्यावरील रेग्युलेटर उतरवून, तोंडावर टोपण घट्ट बसवून, त्यास हातगाडीस साखळीनें बांधूनच न्यावें लागतें. कारण पडून त्याची मान मोडली तर आंतील दाबानें तो तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. ईथरची जुनी बाटली त्याहूनहि फसवी. हवेशीं संयोग होऊन तींत पेरॉक्साइड नांवाचीं स्फोटक द्रव्यें हळूहळू तयार होतात, आणि पुष्कळ वर्षांनीं झांकण फिरविण्याच्या घर्षणानेंहि स्फोट होऊं शकतो. म्हणून अशा बाटलीवर ती उघडल्याची तारीख घातलेली असली पाहिजे. पिक्रिक ॲसिड ओलें असेपर्यंत शांत असतें. सुकलें कीं धक्क्यानें उडतें. असली बाटली फळीच्या मागें सांपडली तर धिटाईनें उचलूं नये. जाणत्या माणसास बोलावून तोंवर खोली बंद ठेवावी.

द्रवरूप नायट्रोजनाचा प्रकार तर सुशिक्षितांसहि चकविणारा आहे. हा वायु विषारी नाहीं. आपण श्वासाबरोबर घेतों त्या हवेचा चारपंचमांशाजवळ भाग तोच असतो. परंतु एक लिटर द्रवापासून जवळजवळ ७०० लिटर वायु होतो. लिफ्टसारख्या कोंडलेल्या जागेंत तो पसरला तर प्राणवायु हटतो, आणि माणूस गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वींच बेशुद्ध पडतो. म्हणून शिस्त अशी कीं, नायट्रोजनाचें भांडें लिफ्टमधून एकटेंच पाठवावयाचें. खालच्या मजल्यावर एकानें तें आंत ठेवावयाचें, वरच्या मजल्यावर दुसऱ्यानें तें उतरवून घ्यावयाचें, आणि मध्यंतरीं कोणीं लिफ्टमध्यें शिरूं नये अशी पाटी भांड्यावर लावावयाची.

या साऱ्याहून मोठा धोका सामानाच्या यादींत नसलेल्या वस्तूंचा. याचें एक उदाहरण अमेरिकेंतील बेथेस्डा येथें घडलें. तेथील प्रयोगशाळा विद्यापीठाची नव्हे, सरकारची होती. पण गोष्ट कोणत्याहि विद्यापीठांत घडावी अशी आहे. १९७२ सालीं एका खात्याकडून दुसऱ्याकडे गेलेल्या या प्रयोगशाळेचें सामान २०१४ सालीं नव्या जागेंत न्यावयाचें ठरलें. त्यासाठीं मोजदाद चालू असतांना १ जुलै रोजीं शीतगृहांत पुठ्ठ्याची एक पेटी निघाली. आंत देवीच्या विषाणूचें नांव लिहिलेल्या सहा बंद कुप्या होत्या, आणि त्या १९५० नंतरच्या दशकांतल्या असाव्या असें ठरलें. देवीचा रोग जगांतून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें १९८० सालींच जाहीर केलें होतें, आणि तिचा विषाणु अमेरिकेंतील अटलांटा व रशियांतील कोल्तसोव्हो या दोनच ठिकाणीं ठेवण्यास परवानगी होती. कुप्या तपासल्या तेव्हां दोहोंतील विषाणु जिवंत निघाला. २०१५ च्या फेब्रुवारींत त्यांचा नाश करण्यांत आला. कुप्यांवर नांव होतें म्हणूनच हा प्रसंग निभावला. चिठ्ठी गळून पडली असती तर त्या पेटीचें काय झालें असतें, याचा विचार वाचकांनींच करावा.

याच देवीच्या विषाणूनें जगांतील शेवटचा बळी घेतला तो एक प्रयोगशाळा बंद होण्याच्या बेतांत असतांना. यावरून आपण मोडण्याच्या प्रसंगाकडे येतों. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यक विद्यालयांत या विषाणूवर संशोधन चाले. रोग जगांतून हटत चालला होता. १९७७ च्या ऑक्टोबरांत सोमालियांत त्याचा नैसर्गिक रीतीनें लागण झालेला शेवटचा रोगी सांपडला. तेव्हां हा विषाणु ठेवणाऱ्या प्रयोगशाळांची संख्या कमी करावी असें जागतिक आरोग्य संघटनेनें ठरविलें, आणि बर्मिंगहॅमची प्रयोगशाळा १९७८ च्या अखेरीस बंद व्हावयाची होती. हातीं घेतलेलें काम तत्पूर्वीं पुरें करण्याची घाई सुरू झाली. म्हणजे, अधिक सुरक्षित व्यवस्था इतरत्र आहे म्हणून ज्या खोल्यांतील काम थांबवावयाचें, त्याच खोल्यांत शेवटच्या महिन्यांत तें अधिक वेगानें होऊं लागलें. ऑगस्टांत त्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर काम करणारी, विद्यालयाची ४० वर्षांची छायाचित्रकार स्त्री आजारी पडली व ११ सप्टेंबर १९७८ रोजीं वारली. विषाणु तिच्यापर्यंत कोणत्या वाटेनें पोहोंचला याविषयीं अखेरपर्यंत एकमत झालें नाहीं. तिच्या आईसहि सौम्य देवी आल्या, ती वांचली. प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक यांनीं तत्पूर्वींच आपल्या जिवाचा अंत करून घेतला होता. बंद करावयाच्या घरांत शेवटचे महिने हे निजानीज करण्याचे असावे. अपुरे मनोरथ पुरे करण्याचे असूं नयेत.

बर्मिंगहॅमला घाई नडली, तर दिल्लीस विस्मृति नडली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागांत कॅनडाहून आणलेलें ‘गामासेल’ नांवाचें एक यंत्र होतें. शिशाच्या जाड कवचांत कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूच्या कांड्या, आणि त्यांच्या किरणांत पदार्थ धरून प्रयोग करावयाचे, अशी त्याची रचना. यंत्र आलें तेव्हां आपल्या देशांत अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापनच झालेलें नव्हतें. मुंबईंतील हें मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ चें. १९८५ पासून यंत्राचा वापर थांबला. खोली राहिली, यंत्र राहिलें. तें काय आहे हें ठाऊक असलेलीं माणसें एकेक करून गेलीं. २०१० च्या फेब्रुवारींत विद्यापीठानें अडगळीच्या सामानाचा लिलाव केला, त्यांत तें भंगार म्हणून विकलें गेलें आणि पश्चिम दिल्लींतील मायापुरीच्या भंगारबाजारांत पोहोंचलें.

कोबाल्ट-६० चें तेज सव्वापांच वर्षांत निम्मे होतें. पंचवीस वर्षांत तें सुमारें सत्ताविसाव्या हिश्श्यावर आलेलें होतें; तरी उरलेलें तेज माणूस मारण्यास पुरेसें होतें. बाजारांतील कामगारांना शिसें हवें होतें. त्यांनीं कवच फोडलें. आंतील धातूस रंग नाहीं, वास नाहीं, चटका नाहीं. एका दुकानदारानें त्याचा तुकडा पैशांच्या पाकिटांत ठेवला. एप्रिलच्या आरंभीं एकामागून एक माणसें रुग्णालयांत येऊं लागलीं. कातडी काळवंडलेली, केस गळलेले, रक्तांतील पेशी घटलेल्या. मग नियामक मंडळाचे व भाभा अणुसंशोधन केंद्राचे तज्ज्ञ धांवले, बाजाराचा कोपरा न् कोपरा तपासून कांड्या व तुकडे गोळा केले आणि ते नरोरा येथील अणुवीजकेंद्रांत नेऊन ठेवले. आठ माणसांना बाधा झाली होती. त्यांपैकीं एक कामगार २६ एप्रिल रोजीं दगावला. अणुअपघातांच्या सात पायऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मापनांत हा अपघात चौथ्या पायरीवर गणला गेला. कुलगुरूंनीं झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली.

या गोष्टींतील अत्यंत शोचनीय भाग असा कीं, प्रयोगशाळेंत वावरलेल्या एकाहि माणसास कांहीं झालें नाहीं. ज्यांनीं कधीं विद्यापीठाची पायरी चढली नव्हती, त्यांनीं विद्येच्या अडगळीची किंमत दिली. आपण सुशिक्षित माणसें आपल्या घरची रद्दी व भंगार दारावरच्या माणसास देतों तेव्हां त्यांत काय आहे हें त्याला ठाऊक नसतें, आपल्याला असतें. हा विश्वास फार जुना आहे आणि तो मोडण्याचा अधिकार कोणत्याहि विद्वानास नाहीं.

मग नीट निरवानिरव करावयाची ती कशी? प्रमुखाच्या निवृत्तीची तारीख कित्येक वर्षें आधीं ठाऊक असते. तेव्हां तिच्यापूर्वीं निदान कांहीं महिने काम सुरू व्हावें. प्रत्येक बाटलीची यादी करावी. कामाची असेल ती नव्या माणसाच्या नांवें लिहून द्यावी, उरलेली तिच्या प्रकाराप्रमाणें जाणत्या माणसांकडून नष्ट करवावी. मोरींत ओतूं नये. जंतूंच्या व विषाणूंच्या कुप्या कोणास देतां आल्या नाहींत तर दाबाच्या वाफेंत १२१ अंश उष्णतेवर निर्जीव कराव्या. किरणोत्सर्गी द्रव्य नियामक मंडळास कळवून, त्याच्या संमतीनेंच हलवावें. सांडलेल्या पाऱ्यासाठीं फरशीच्या फटी आणि मोरीचे वांकडे नळहि पाहावे. शेवटीं कपाटें धुऊन, खोली मोजमाप घेणाऱ्या तज्ज्ञास दाखवून, ती शुद्ध असल्याचा कागद दाराशीं लावावा आणि त्याची प्रत विद्यापीठाच्या दप्तरीं ठेवावी.

हा कागद किती वर्षांनीं उपयोगी पडेल हें सांगतां येत नाहीं. मँचेस्टर येथें ज्या इमारतींत रदरफर्डनें १९०७ ते १९१९ या काळांत संशोधन केलें, तेथें पुढें मानसशास्त्राचा विभाग भरूं लागला. २००८ च्या सुमारास, तेथें काम केलेल्या कांहीं जणांना झालेला कर्करोग जुन्या किरणोत्सर्गामुळें तर नसेल, अशी शंका निघाली. स्वतंत्र तज्ज्ञानें चौकशी करून तसा संबंध असण्याचा संभव नाहीं असा निर्वाळा दिला. तरी जवळजवळ शंभर वर्षांनीं माणसांस आपल्या बसावयाच्या खोलीचें भय वाटावें, हें कमी दुःख नव्हे. याच्या उलट पॅरिसचें उदाहरण घ्या. मेरी क्यूरीच्या वह्यांत रेडियमचे कण आहेत आणि त्याचें तेज निम्म्यावर येण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. परंतु त्या वह्या तेथील राष्ट्रीय ग्रंथालयांत शिशानें मढविलेल्या पेट्यांत जपून ठेविलेल्या आहेत, आणि पाहावयास येणाऱ्यास आधीं धोका सांगितला जातो. वह्यांतील धोका संपलेला नाहीं. तो सर्वांस ठाऊक आहे, म्हणून कोणास बाधत नाहीं.

इतके नियम लावले तर संशोधन व्हावयाचें केव्हां, असा आक्षेप कांहीं विद्वान् घेतात. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं; केवळ सह्यांसाठीं सह्या घेणारी शिस्त माणसास कंटाळा आणते आणि कंटाळलेला माणूस ती चुकवितो. परंतु येथें जें मागितलें जात आहे तें फार थोडें आहे: प्रत्येक बाटलीस चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीमागें एक माणूस, आणि माणूस बदलतांना दोघांच्या सह्या. आपल्या आजीच्या लोणच्याच्या बरणीसहि यापेक्षां कमी व्यवस्था नसे.

आमच्या वाचकांकडून आम्ही एवढीच अपेक्षा करतों. मुलगा किंवा मुलगी सुटीस घरीं आली कीं जेवणाखाण्याची चौकशी झाल्यावर तीन प्रश्न आणखी विचारावे. तुझ्या आधीं त्या टेबलाशीं कोण होतें, आणि त्यानें काय मागें ठेवलें आहे? तूं एकटी असतांना कांहीं झालें तर कोणास हांक मारशील? आणि तूं तेथून निघशील तेव्हां तुझ्या बाटल्या कोणाच्या हवालीं करशील? तिला उत्तरें देतां आलीं नाहींत तरी रागावूं नये. परत गेल्यावर ती तीं शोधील. आणि आमच्या वाचकांत जे प्राध्यापक आहेत, विभागप्रमुख आहेत, त्यांस आमची विनंति आहे कीं, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यास शाल व श्रीफळ देण्यापूर्वीं त्यांच्याबरोबर एकदां खोलींतून फिरावें, आणि नोंदवही व किल्ल्या मोजून घ्याव्या.